'डार्कलिंग': एका दुर्मीळ इंग्रजी शब्दाच्या अर्थशोधाचे प्रकरण

इंग्रजी साहित्यात एम. ए. करणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने 'डार्कलिंग' हा शब्द कसा आपलासा केला, याची ही सविस्तर नोंद आहे. विद्यार्थिनीचे शालेय शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले होते. इंग्रजी गद्य ती सहज वाचत असे, मात्र जुन्या कवितेत शिरताना प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थबकत असे. तिची शिक्षिका म्हणून या थबकण्याला मी दोष मानत नाही. ज्या शब्दापाशी वाचक थांबतो तो त्याला कायमचा मिळण्याची शक्यता असते आणि ज्याच्यावरून तो नुसता पुढे सरकतो तो बहुधा हातातून जातो. हाच शब्द नोंदीसाठी निवडण्याचे कारण असे की, त्याचा अर्थ कोशातल्या एका ओळीत मावणारा असूनही त्या ओळीवर विसंबणारा वाचक कवितेच्या बाहेरच राहतो.

शब्द तिला प्रथम भेटला तो मॅथ्यू अर्नोल्डच्या 'डोव्हर बीच' या कवितेच्या शेवटी. ही कविता १८६७ साली प्रसिद्ध झाली. श्रद्धेचा समुद्र ओसरत चालल्याची खंत व्यक्त करून कवी अखेरीस म्हणतो की, आपण येथे जणू एका 'डार्कलिंग प्लेन'वर आहोत, जेथे लढाईचा आणि पळापळीचा गोंधळ माजला आहे आणि अज्ञानी सैन्ये रात्री एकमेकांवर आदळत आहेत. विद्यार्थिनीने आपल्या वहीत या शब्दांचे मराठी 'अंधारून येत असलेले मैदान' असे लिहिले होते. तिचा तर्क सरळ होता. शब्दाच्या शेवटी 'इंग' आहे, म्हणजे हे धातुसाधित असणार. 'रनिंग वॉटर' म्हणजे वाहते पाणी, तसे 'डार्कलिंग प्लेन' म्हणजे अंधारत जाणारे मैदान. इंग्रजी व्याकरण जिला नीट शिकवले गेले आहे तिने असाच तर्क करावा, आणि तिच्या आधी मातबर इंग्रजांनीही तो केला होता. ते पुढे येईलच.

तर्क अडला तो जॉन कीट्सपाशी. १८१९ च्या मे महिन्यात लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे लिहिलेल्या 'ओड टू अ नाइटिंगेल' या कवितेचे सहावे कडवे 'डार्कलिंग आय लिसन' या शब्दांनी सुरू होते. येथे 'अंधारत जाणारे' काय? मैदान नाही, आकाश नाही, कोणतेही नाम शब्दाच्या शेजारी नाही. शेजारी आहे तो 'मी'. 'अंधारत जाणारा मी ऐकतो' असे लिहून तिने ते खोडले होते आणि समासात प्रश्नचिन्ह काढले होते. तिने विचारले, "मॅडम, हे विशेषण आहे की क्रियाविशेषण? कोशात दोन्ही दिले आहे, पण इथे कोणते धरायचे?" प्रश्न अगदी नेमका होता. अर्थ कळत नाही, अशी तिची तक्रार नव्हती. वाक्यात हा शब्द बसतो कोठे, हे तिला हवे होते, आणि दुर्मीळ शब्द शिकताना प्रथम विचारावा असा प्रश्न माझ्या मते हाच आहे.

उत्तर शोधण्यासाठी आम्ही आधी शब्दाची घडण पाहिली. 'डार्क' म्हणजे अंधार किंवा काळोखी, हे उघड आहे. 'लिंग' हा प्रत्यय मात्र दोन वेगळ्या कुळांतला असू शकतो. 'डकलिंग' म्हणजे बदकाचे पिल्लू आणि 'डार्लिंग' म्हणजे लाडके माणूस, यांतला 'लिंग' हा लहानपणा किंवा लाडिकपणा दाखवणारा, नामे बनवणारा प्रत्यय आहे. 'डार्कलिंग'मधला त्याच्यासारखा दिसत असला तरी तो क्रियाविशेषणे बनवणारा जुना प्रत्यय आहे आणि त्याने स्थिती किंवा दिशा सुचवली जाते. आज 'हेडलाँग' आणि 'साइडलाँग' म्हणून ओळखले जाणारे शब्द पूर्वी 'हेडलिंग' आणि 'साइडलिंग' असे होते. डोके पुढे करून, बाजूला कलून, तसे अंधारात असताना. म्हणजे मुळात 'डार्कलिंग'मध्ये धातू नाहीच. काही अंधारत चालले आहे असे तो सांगत नाही. कोणीतरी अंधारात आहे आणि त्या स्थितीत काही करत आहे, एवढेच तो सांगतो.

हे कळताच कीट्सची ओळ उलगडली, आणि त्याला मराठी व्याकरणाची मदत झाली. 'तो एकटा चालला', 'ती एकटी चालली' या वाक्यांत 'एकटा' हा शब्द चालण्याची रीत सांगतो असे वाटते, पण तो बदलतो कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे. तो क्रियेच्या वेळची कर्त्याची अवस्था सांगतो. 'डार्कलिंग आय लिसन'मधला शब्द नेमके हेच काम करतो: अंधारातला मी, ऐकतो आहे. इंग्रजीत शब्द लिंगवचनानुसार बदलत नसल्यामुळे हे नाते डोळ्यांना दिसत नाही, मराठी वाचकाला मात्र ते ओळखीचे आहे. 'विशेषण की क्रियाविशेषण' या तिच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले की, कोशाच्या दृष्टीने येथे तो क्रियाविशेषण आहे, पण त्याचे सगळे वजन कर्त्यावर पडते.

आधीच्या कडव्याकडे परत गेल्यावर याला कवितेतूनच दुजोरा मिळाला. पाचव्या कडव्यात कवी सांगतो की, पायांजवळ कोणती फुले आहेत ते मला दिसत नाही, फांद्यांवर कोणता सुगंध लहरतो आहे तेही दिसत नाही, सुवासिक काळोखात एकेक गंध मी अंदाजाने ओळखतो आहे. डोळे निकामी झाल्यावर नाक आणि कान जागे झाले आहेत. पुढच्या कडव्याचा पहिलाच शब्द 'डार्कलिंग' आहे आणि त्याचा आघात पहिल्या अक्षरावर असल्याने ओळ त्या शब्दावर भार देऊनच सुरू होते. वाचकाला अर्थ ठाऊक नसला तरी कडवे नीट वाचल्यास तो हाती येईल अशी ही रचना आहे.

यानंतर हा शब्द ज्या ओळींत आला आहे त्यांपैकी महत्त्वाच्या ओळी कालक्रमाने लावायला मी तिला सांगितले. कोशात अर्थ क्रमांकाने दिलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांशेजारी स्वतंत्र उभे आहेत असा समज होतो. साहित्यिक शब्दाच्या बाबतीत तसे नसते. एक कवी दुसऱ्याच्या ओळीतून शब्द उचलतो आणि त्याच्याबरोबर तेथले थोडे वातावरणही आणतो. क्रम लावल्यावाचून ही देवाणघेवाण दिसत नाही.

क्रमाच्या सुरुवातीला शेक्सपिअर होता. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रानात मागे राहिलेली हेलेना डिमेट्रिअसला विचारते की, तू मला 'डार्कलिंग' सोडून जाणार का? 'किंग लिअर'मध्ये विदूषक म्हणतो की, मेणबत्ती विझली आणि आपण 'डार्कलिंग' राहिलो. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये मरणोन्मुख अँटनीला पाहून क्लिओपात्रा सूर्याला म्हणते की, तू ज्या गोलात फिरतोस तो जाळून टाक, म्हणजे जगाचा किनारा 'डार्कलिंग' उभा राहील. पहिल्या दोन ओळींतला अर्थ विलक्षण साधा आहे: दिव्यावाचून. विद्यार्थिनीने लिअरच्या ओळीचे मराठी केले ते असे: 'मेणबत्ती विझली आणि आपण राहिलो दिव्यावाचून.' या मराठीत मला काहीही बदलावेसे वाटले नाही. तिसऱ्या ओळीत सूर्यच दिवा झाला आहे, त्यामुळे शब्दाची व्याप्ती घरातून विश्वापर्यंत गेली आहे, पण अर्थ तोच आहे.

मग आला मिल्टन, आणि या सर्व प्रकरणाचा गाभा माझ्या मते येथे आहे. १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॅरडाइज लॉस्ट'च्या तिसऱ्या सर्गाच्या आरंभी कवी प्रकाशाला आवाहन करतो. मिल्टनची दृष्टी १६५२ च्या सुमारास पूर्ण गेली होती. प्रकाशाला उद्देशून तो म्हणतो की, तू माझ्या डोळ्यांकडे परत येत नाहीस, तरीही मी काव्याच्या ठिकाणी भटकणे सोडलेले नाही. माझे विचार आपोआप लयीत शब्द हलवतात, जसा तो जागा पक्षी 'डार्कलिंग' गातो आणि दाट सावलीत लपून आपला रात्रीचा सूर लावतो. हा पक्षी म्हणजे नाइटिंगेल. शेक्सपिअरच्या पात्रांना दिवा नसणे ही अडचण होती. मिल्टनच्या पक्ष्याला आणि त्या पक्ष्याशी स्वतःची तुलना करणाऱ्या अंध कवीला अंधार ही गाण्याची जागा आहे. येथपासून हा शब्द एकटा राहिला नाही. त्याच्याबरोबर न दिसणारा पक्षी आला, त्याचा आवाज आला आणि न पाहणारा कवीही आला.

विद्यार्थिनीला येथे आपसूकच जाणवले ते असे की, आपला 'अंधार' संस्कृत 'अंधकार'वरून आला आहे, म्हणजे आंधळे करणारा. मराठीत आंधळा आणि अंधार हे शब्द एकाच घरातले आहेत. मिल्टनने जो संबंध एका उपमेने जोडला तो मराठी वाचकाला शब्दातच मिळतो. ही गोष्ट व्युत्पत्तीची हौस म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. पुढे अर्नोल्डची ओळ मराठीत आणताना ती उपयोगी पडली.

कीट्सने 'पॅरडाइज लॉस्ट' हातात लेखणी घेऊन वाचले होते आणि त्याच्या खुणा व टिपणे असलेली प्रत आजही जतन केलेली आहे. नाइटिंगेलवरच्या कवितेत अंधार, लपलेला पक्षी आणि 'डार्कलिंग' हे तिन्ही एकत्र यावेत, हा योगायोग मानणे कठीण आहे. फरक एवढाच, पण तो मोठा आहे, की मिल्टनकडे 'डार्कलिंग' गातो तो पक्षी, आणि कीट्सकडे 'डार्कलिंग' ऐकतो तो कवी. गाणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्याकडे आला आहे. हे लक्षात आल्यावर विद्यार्थिनीने कीट्सचे कडवे पुन्हा मोठ्याने वाचले, आणि पुढची ओळ, जिच्यात सुखद मृत्यूच्या आपण अर्धवट प्रेमात पडल्याचे कवी सांगतो, ती आता वेगळी ऐकू आली, असे ती म्हणाली. कवी केवळ अंधाऱ्या बागेत बसलेला नव्हता. ज्या जागेवरून मिल्टनने गाणे रचले त्याच जागी तो होता, आणि आपण त्यापुढे मुके आहोत असे त्याला वाटत होते. ही शेवटची जोड माझी आहे. ती मान्य करावी असा माझा आग्रह नाही, पण शब्दाचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय तिच्यावर वादही घालता येत नाही.

मिल्टन आणि कीट्स यांच्या मध्ये सॅम्युअल जॉन्सन उभा आहे आणि तो या प्रकरणात दोनदा येतो. १७४९ च्या 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' या कवितेत त्याने विचारले आहे की, असहाय माणसाने अज्ञानात स्वस्थ राहून नियतीच्या प्रवाहातून 'डार्कलिंग' वाहत जायचे का? येथे दिवाही नाही आणि रात्रही नाही. अंधार आहे तो न कळण्याचा. सहा वर्षांनी, १७५५ साली, त्याचा प्रसिद्ध शब्दकोश निघाला. त्यात 'डार्कलिंग'खाली त्याने लिहिले आहे की, हा 'डार्कल' या क्रियापदाचा धातुसाधित असावा असे दिसते, परंतु ते क्रियापद मला कोठेही आढळलेले नाही. कदाचित हा 'डार्क'चे लघुत्वदर्शक रूपही असेल, असेही त्याने सुचवले आणि शब्द निव्वळ काव्यातला असल्याचा शेरा मारला. विद्यार्थिनीने 'इंग' पाहून केलेला तर्क आणि जॉन्सनचा पहिला तर्क एकच होता. जॉन्सनचे मोठेपण असे की, तर्काला आवश्यक असणारे क्रियापद सापडत नाही, हे त्याने तेथेच नोंदवून ठेवले.

पुढे ते क्रियापद अस्तित्वात आले. 'डार्कलिंग' आहे त्या अर्थी 'डार्कल' असणारच, असे लोकांनी धरले आणि ते वापरायला सुरुवात केली. बायरनने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॉन जुअन'च्या सहाव्या सर्गात त्याचे 'स्पार्कल'शी यमक जुळवले आहे. ही घटना अपवादात्मक नाही. 'ग्रॉव्हलिंग' म्हणजे पालथे पडून, या जुन्या क्रियाविशेषणातून 'ग्रॉव्हल' म्हणजे लोटांगण घालणे, हे क्रियापद निघाले. 'साइडलिंग'मधून 'साइडल' म्हणजे अंग चोरून बाजूने सरकणे, हे निघाले. तिन्ही ठिकाणी प्रत्ययाचा गैरसमज झाला आणि त्या गैरसमजातून भाषेला नवा शब्द मिळाला. यातून 'अंधारत जाणारे' हा अर्थ निव्वळ चूक ठरत नाही. आजच्या इंग्रजी कोशांत 'अंधारत जाणारा' किंवा 'अंधुक होणारा' हा विशेषणाचा अर्थ रीतसर नोंदलेला असतो. वाचकाने लक्षात ठेवायचे ते एवढेच की, हा अर्थ नंतरचा आहे आणि जुन्या ओळींवर तो लादता येत नाही.

बायरनच्याच 'डार्कनेस' या १८१६ सालच्या कवितेत या दोन अर्थांची सीमारेषा दिसते. सूर्य विझला आहे आणि तारे अनंत अवकाशात 'डार्कलिंग' भटकत आहेत, किरणांवाचून आणि वाटेवाचून. तारे अंधारात आहेत असे म्हणावे, की तेच काळोखे झाले आहेत असे म्हणावे? दोन्ही खरे आहे, कारण त्या अंधाराचे कारण ताऱ्यांचे स्वतःचे विझणे हेच आहे. क्रियाविशेषणाचे विशेषण होणे म्हणजे काय, हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

एवढा प्रवास झाल्यावर आम्ही 'डोव्हर बीच'कडे परतलो. 'डार्कलिंग प्लेन'मध्ये शब्द नामाला चिकटलेला आहे, म्हणजे येथे तो निःसंशय विशेषण आहे. पण मैदान 'अंधारून येत आहे' का? शेवटच्या ओळीत सैन्ये रात्री लढत आहेत, म्हणजे अंधार आधीच पडलेला आहे. ही उपमा थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने वर्णन केलेल्या रात्रीच्या लढाईवरून आली, असे अभ्यासक मानतात. इ. स. पू. ४१३ मध्ये सिरॅक्यूजजवळच्या एपिपोली या पठारावर अथेन्सच्या सैनिकांना काळोखात मित्र आणि शत्रू ओळखता येईना आणि त्यांनी आपल्याच माणसांवर हत्यार चालवले. अर्नोल्डच्या वडिलांनी थ्युसिडिडीसची आवृत्ती संपादित केली होती, त्यामुळे हा प्रसंग घरातला म्हणावा असा होता. 'अज्ञानी सैन्ये' यातील अज्ञान म्हणजे समोर कोण आहे ते न कळणे. जॉन्सनच्या ओळीतही अज्ञान आणि 'डार्कलिंग' शेजारी होते, येथेही आहेत. तेव्हा या मैदानाचा अंधार हा संध्याकाळचा नाही, तो ओळख पुसून टाकणारा अंधार आहे.

मराठी भाषांतराच्या दृष्टीने 'अंधारून येणे' आणखी एका कारणाने गैरसोयीचे होते. मराठीत अंधारून येते ते बहुधा आभाळ, आणि पाठोपाठ पाऊस अपेक्षित असतो. अर्नोल्डच्या ओळीत पावसाचा मागमूस नाही. विद्यार्थिनीने 'काळोखे मैदान', 'अंधारे मैदान' आणि 'आंधळे मैदान' असे तीन पर्याय मांडले. तिसऱ्यात आंधळा आणि अंधार यांचे नाते ती मुद्दाम वापरत होती. मला तो धाडसी वाटला आणि आवडलाही, परंतु कवितेत आंधळे आहे ते मैदान नसून सैन्ये आहेत आणि अर्नोल्डने ती गोष्ट शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवली आहे. आधीच 'आंधळे' म्हटले तर 'अज्ञानी'ची धार जाते. आम्ही 'काळोखे मैदान' ठेवले.

कीट्सच्या ओळीचे मराठी मात्र समाधानकारक झाले नाही. 'अंधारात मी ऐकतो आहे' हे अचूक आहे, पण त्यात अंधार ही जागा झाली, कर्त्याची अवस्था राहिली नाही. 'अंधारलेला मी' म्हटले तर मराठीत खिन्नतेचा अर्थ येतो. 'काळोखात उभा मी' म्हटले तर 'एकटा'सारखा कर्त्याला लागणारा शब्द मिळतो, पण कवी उभा असल्याचे कवितेत कोठेही म्हटलेले नाही. तिने अखेर 'काळोखातला मी, ऐकतो आहे' असे लिहिले आणि स्वल्पविरामावर भिस्त ठेवली.

टॉमस हार्डीच्या 'द डार्कलिंग थ्रश'ला फार वेळ लागला नाही, कारण तयारी झालेली होती. ही कविता १९०० च्या डिसेंबरअखेर 'द ग्राफिक' या नियतकालिकात आली तेव्हा तिचे शीर्षक वेगळे होते, 'बाय द सेंच्युरीज डेथबेड', म्हणजे शतकाच्या मृत्युशय्येपाशी. पुढे हार्डीने ते बदलले. विशेष म्हणजे कवितेच्या मजकुरात 'डार्कलिंग' हा शब्द एकदाही येत नाही, तो फक्त शीर्षकात आहे. हार्डीला तो हवा होता तो मिल्टनच्या आणि कीट्सच्या पक्ष्यासाठी, हे आता विद्यार्थिनीला सांगावे लागले नाही. तिने एक भर मात्र स्वतः घातली. कवितेत म्हातारा, कृश, वाऱ्याने पिसे विस्कटलेला थ्रश कडाक्याच्या थंडीत कातरवेळी गातो आणि कवी म्हणतो की, त्याला कोणती तरी आशा ठाऊक असावी जिची मला जाणीव नाही. मग अंधारात आहे तो पक्षी की कवी? शीर्षक पक्ष्याला 'डार्कलिंग' म्हणते, कविता मात्र अज्ञान कवीच्या पदरी घालते. जॉन्सनपासून चालत आलेला न कळण्याचा अंधार येथेही असल्याचे तिने दाखवले आणि मला ते पटले.

राहिला वापराचा प्रश्न. शब्द कळला म्हणजे वापरता आला असे नाही, म्हणून तिने काही इंग्रजी वाक्ये रचून पाहिली. 'मी घरी पोहोचले तेव्हा डार्कलिंग होते' या अर्थाचे वाक्य इंग्रजीत चालत नाही. तिन्हीसांजेसाठी 'डस्क' हा साधा शब्द आहे. वीज गेल्यावर कारकून 'डार्कलिंग' काम करत राहिला, हे दुसरे वाक्य व्याकरणाने शेक्सपिअरइतकेच शुद्ध आहे, पण कचेरी आणि हा शब्द यांचे सूर जुळत नाहीत. आजचा इंग्रजी वाचक तेथे अर्थ समजून घेण्याऐवजी लेखकाच्या हेतूविषयी विचार करू लागेल. 'डार्कलिंग' आकाश, दरी किंवा अरण्य असे विशेषण ललित लेखनात चालते आणि त्याने साध्या अंधारापेक्षा थोडी धास्ती सुचवली जाते. एकच क्षेत्र असे आहे जेथे हा शब्द रोजच्या कामाचा आहे, ते म्हणजे कीटकशास्त्र. टेनेब्रियोनिडी या कुळातल्या भुंगेऱ्यांना इंग्रजीत 'डार्कलिंग बीटल' म्हणतात आणि आपल्याकडे पिठाच्या डब्यात होणारा तांबडा भुंगेरा त्याच कुळातला आहे. विद्यार्थिनीच्या घरची शेती असल्याने ही माहिती तिला साहित्याइतकीच महत्त्वाची वाटली.

सत्राच्या निबंधात तिने हा शब्द एकदाच वापरला, तोही कीट्सची ओळ उद्धृत करताना. तिच्या वहीतल्या नोंदीत मराठी प्रतिशब्द शेवटी आहेत. त्याआधी शेक्सपिअर, मिल्टन, जॉन्सन, बायरन, कीट्स, अर्नोल्ड आणि हार्डी यांच्या ओळी सालांसह लिहिल्या आहेत, आणि प्रत्येक ओळीपुढे अंधारात कोण आहे, हे एका शब्दात लिहिले आहे: हेलेना, पक्षी, माणूस, तारे, मी, सैन्ये. हार्डीपुढची जागा तिने अजून भरलेली नाही.